पटावरचं वय

माझं अक्षर चांगलं. मोत्यासारखं, असं लोक म्हणत. लहानपणी त्याचं फार कौतुक झालं आणि त्या कौतुकानंच माझा घात केला, असं मला आता म्हातारपणी वाटतं. अक्षर गिचमिड असतं तर निदान कुणी विचारलं असतं, मास्तर, हा आकडा पाच की सात? माझ्या साताबद्दल कधी कुणाला शंका आली नाही.

परवा त्या शाळेनं मला बोलावून हार घातला. शाळा मी काढली म्हणून. टेबलावर पटाचं जुनं रजिस्टर मांडलं होतं, शाई तांबूस झालेली. नवा मास्तर, पोरगेलासा, म्हणाला, "गुरुजी, काय अक्षर हो तुमचं. पोरांना मुद्दाम दाखवतो मी." मी म्हटलं, दाखवू नकोस. त्याला वाटलं म्हातारा विनयानं बोलतोय. त्यानं पहिलं पान माझ्यापुढे केलं, ते मी पाहिलं नाही. त्या पानावर काय आहे ते मला पाठ आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या शाळा तेव्हा नुकत्याच लोकल बोर्डाच्या हातात गेल्या होत्या. रत्नागिरीला बोर्डाची कचेरी, तिथे निवडून आलेले मेंबर बसत आणि आम्हां मास्तरांची शेंडी त्यांच्या हातात. पूर्वी एका साहेबाला खूश ठेवलं की भागायचं. आता साऱ्या मेंबरांना नमस्कार, शिवाय त्यांच्या मेव्हण्यांना. असाच एका मेव्हण्याला नमस्कार करायचा राहिला म्हणून माझी पहिली बदली झाली. दुसरी का झाली ते मला आजतागायत कळलेलं नाही. ती झाली मंडणगडकडे, जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, डोंगरात. मास्तर जरा ताठ वागला की कचेरीत म्हणत, याला मंडणगड दाखवा. मला दाखवलं. तिथे माझी पहिली मुलगी तापानं गेली. वैद्य दोन खाड्यांपलीकडे होता, तो आला तेव्हा आम्ही तिला पोचवून परत आलो होतो. बायको म्हणाली, "यापुढे इथे राहायचं तर तुम्ही एकट्यानं राहा. मी माहेरी जाईन, भांडी घाशीन, पण इथे दुसरं मूल होऊ देणार नाही."

म्हणून मी अर्जावर अर्ज केले. त्या वर्षी आमच्या भागातून रत्नागिरीतले एक वकील मेंबर झाले होते. त्यांनी मला घरी बोलावलं. माडीवर सुपारी कातरत बसले होते. बस म्हणाले नाहीत, पण सुपारी दिली.

"मास्तर, इथून पाच-सहा कोसांवर एक कोंड आहे. पस्तीस-चाळीस घरं, सगळी कुणब्यांची. तिथे शाळा देतो असं मी निवडणुकीत बोलून बसलोय. बोर्डाची अट एकच. पटावर तीस मुलं पाहिजेत, सहा वर्षांवरची. पट भरा, शाळा तुमची."

"आणि तीस भरली नाहीत तर?"

"तर मंडणगड कुठे पळून चाललंय?" अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "कशी भरायची ते मला विचारू नका. मास्तर कोण, मी की तुम्ही?"

मी त्या कोंडात गेलो. चारी बाजूंनी कातळ आणि मध्ये वाटीत बसल्यासारखी घरं. बापये सगळे मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. गावात बायका, म्हातारे आणि पोरं. मुंबईहून पत्र आलं की ते वाचून घ्यायला बायकांना अर्धा कोस चालून शेजारच्या गावातल्या दुकानदाराकडे जावं लागे. तो मीठ-मिरची मोजता मोजता दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात पत्र वाचायचा. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं सगळं. ती बिचारी तोंडात पदर धरून उभी. हे मी पहिल्याच आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं आणि माझं टाळकं सणकलं. मी म्हटलं, घरटी एकाला तरी वाचता आलं पाहिजे. हे मी मनापासून म्हटलं होतं. पुढं जे केलं ते सगळं मंडणगडच्या भीतीनं केलं असं नाही. निम्मं तरी यासाठी केलं.

घरोघर फिरून सहा वर्षांवरची पोरं भरली तेवीस. सात कमी. देवळाच्या मंडपात शाळा भरणार होती, फळा आणला होता, मेंबरांनी नारळ फोडायचा दिवस ठरवला होता, आणि माझे सात नग कमी. तेव्हा मी खालची पोरं धरली. चार वर्षांची, पाच वर्षांची. त्यातच ती पोर होती, जिची ही गोष्ट.

तिची आई भाताचा तरवा लावायला निघाली होती, डोक्यावर इरलं घेऊन. मी पोरीचं वय विचारलं. तिनं बोटं मोजली नाहीत, आभाळाकडे बघितलं नाही, थेट सांगितलं. "मानमोडीच्या पुडल्या उन्हाळ्यात माजं लगीन झालं, न् त्याच्या पुडल्या उन्हाळ्यात ही. पाच पुरी झाली, गुर्जी." मानमोडी म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला आलेली ती तापाची साथ. आमच्याकडे घरटी एक माणूस गेलं तिच्यात, त्यामुळे खेड्यात सगळ्यांची वर्षं तिथून मोजत. त्या बाईनं मला अचूक वय सांगितलं होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

त्या संध्याकाळी मी पट लिहायला बसलो. आधी सातही पोरांना सहा-सहा लिहून बघितलं. रांगेनं सात वेळा सहा. तपासणीला डिप्टी येणार, त्याच्या डोळ्यांत पहिल्या नजरेला खुपेल. म्हणून कागद फाडला आणि नवा घेतला. कुणाला सहा ठेवला, कुणाला सात केला, एकाला आठ. जन्मतारखाही वेगवेगळ्या, कुठे चैत्राच्या सुमाराची, कुठे दिवाळीची. पट खरा दिसला पाहिजे ना. आणि खरं सांगतो, ते करताना मला मजा वाटली. रांगोळीत कुठला रंग कुठे भरावा तशी. तिच्या वाट्याला सात का आला? तिच्या वरच्या ओळीत सहा आला होता म्हणून. दुसरं काही कारण नाही.

डिप्टी आले. पोरांवरून नजर फिरवून म्हणाले, "यातली काही फारच लहान दिसतात हो." मी म्हटलं, "पेजेवर वाढलेली पोरं साहेब, खुरटीच राहायची." ते हसले. पट बघून म्हणाले, अक्षर चोख आहे. शाळा मंजूर झाली. बायको भांडीकुंडी घेऊन आली. मी देवाला नारळ दिला आणि ते सात आकडे विसरून गेलो. अगदी विसरलो.

पट भरायला आणलेली ती पोर पहिले सहा महिने मंडपाच्या खांबाला टेकून झोपत असे. दुसऱ्या वर्षी तिच्या कडेवर धाकटी बहीण आली. आई शेतावर, तेव्हा बहिणीला सांभाळायचं आणि शिकायचंही. बहीण मांडीवर, पाटी बहिणीच्या पोटावर ठेवलेली, अशी ती लिहायची. आणि एके दिवशी मला दिसलं की ही पोर मी फळ्यावर वरच्या वर्गाला घालतोय ती गणितं सोडवते आहे. कुणी सांगितलं नव्हतं.

गणिताच्या बाबतीत मी फार तापट. पोरांना वजाबाकी जमली नाही की ती मनाचं काहीतरी ठोकून देत. मी पाटीच उचलून आपटायचा. "खोटं उत्तर लिहायचं नाही. तीनातून चार जात नाहीत, तर शेजाऱ्याकडून उसने घ्या. शेजाऱ्याकडेही नसतील, तर 'जात नाही' असं लिहा आणि खाली दोन रेघा मारा. पण खोटं लिहाल तर याद राखा." हे मी सांगत होतो. मी.

आठ वर्षांची असेल नसेल, तर कोंडातली पत्रं तिच्याकडे यायला लागली. माझ्याकडे यायला बायका लाजत, तिच्याकडे येत. ती त्या बाईला मंडपामागे नेई, जवळ बसवी आणि तिच्या कानाला तोंड लावून हळू वाची. असं वाचायचं हे मी तिला शिकवलं नव्हतं. ते पाहिलं त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, माझी शाळा झाली. आता उद्या बंद पडली तरी चालेल. बोलायला काय जातं.

बोर्डाची एक शिष्यवृत्ती होती, खेड्यातल्या मुलींसाठी. तालुक्यातून पहिली येईल तिला रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत ठेवायचं, राहणं-खाणं बोर्डाचं, फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत, शिक्षण. फायनल पास झाली की मास्तरीण. अट एवढीच की एक जूनला बारा वर्षं पुरी झालेली नसावीत. चौथीत गेली तेव्हा तिला दहावं चाललं होतं. मी म्हटलं, ही पोर मास्तरीण झाली नाही तर मी नावाचा मास्तर नव्हे.

शाळा सुटली की रोज दोन तास ती आमच्या ओटीवर. बायको तिला भाकरी द्यायची, केस विंचरून द्यायची. आमची गेलेली मुलगी असती तर साधारण एवढीच असती, ते आम्ही दोघं एकमेकांजवळ कधी बोललो नाही. तिचा बाप मुंबईत गिरणीत होता. शिमग्याला पालखी नाचवायला आला तेव्हा मी त्याला गाठलं. तो भला माणूस. म्हणाला, "गुर्जी, आमच्यात पोरीला शिकवत नाय कोन. पन तुमी म्हनताव तर थांबतो. बोर्डानं उचलली तर शिकू दे. नाय उचलली तर मग मला अडवू नका, माजं पन वय होत चाललंय." मी म्हटलं, माझा शब्द.

परीक्षेला मी तिला रत्नागिरीला घेऊन गेलो, चालत. मुलींच्या शाळेच्या फाटकापाशी ती थबकली. आत एक मास्तरीणबाई मुलींना ओळीत उभं करत होत्या. ती मला म्हणाली, "गुर्जी, या बाई आधी पोरगीच होत्या काय?" मी म्हटलं, हो, तुझ्याएवढीच. तेव्हापासून ती ताठ मानेनं चालायला लागली, बाईंसारखी.

निकाल आला तो कचेरीत पाहायला मी स्वतः गेलो. यादीत तिचं नाव पहिलं होतं. आणि त्या नावावरून तांबडी रेघ मारलेली. पुढे शेरा, वय जास्त.

मी कारकुनाच्या अंगावरच गेलो. अर्जात मी स्वतः दहा वर्षं लिहिलं होतं, वाचता येत नाही का तुम्हाला? तो शांतपणे म्हणाला, "अर्ज कोण बघतो मास्तर? शाळेच्या पटाचा उतारा मागवला होता, तुमच्याच शाळेतून तुमच्याच सहीनं आलाय. त्याप्रमाणे बारा पुरी." उतारा माझ्या पुढ्यात टाकला. माझं अक्षर. उतारे मी दर महिन्याला डझनभर करून पाठवत असे, आकडा न बघता. अर्जात खरं लिहिलं ते मनापासून लिहिलं, कारण ती दहाची आहे हे मला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी मी तिला सातची केली होती हे मात्र आठवलं नव्हतं. नुसता सहा लिहिला असता तरी अकरा झाली असती. बसली असती. वरच्या ओळीत सहा आला म्हणून सात.

वकीलसाहेब एव्हाना बोर्डाचे चेअरमन झाले होते. त्याच माडीवर गेलो. सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि सुपारी कातरत होते.

"मग काय म्हणणं तुमचं?"

"तारीख दुरुस्त करून द्या. पोरीचं नुकसान होतंय."

"देतो की. अर्ज करा. त्यात लिहा की शाळा काढताना मी पटावर खोटं वय घातलं. बोर्डापुढे ठेवतो." त्यांनी फोड तोंडात टाकली. "विरोधातले मेंबर विचारतील, एक खोटं तर बाकीची किती? मग पहिला पट तपासतील. तीस नव्हतीच म्हटल्यावर शाळा बेकायदा. शाळा बंद, तुम्ही बडतर्फ. नशीब चांगलं असेल तर मंडणगड."

"पण पट भरा असं तुम्हीच..."

"मी पट भरा म्हटलं. खोटा भरा म्हटलं का?"

करून सवरून नामानिराळे. पण माणूस बोलला ते खोटं नव्हतं. मी तिथेच, त्यांच्याच टाकानं अर्ज लिहिला. सगळं कबूल केलं. अक्षर तेवढंच सुरेख आलं. तो खिशात घालून कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. आत टेबलावर ठेवायचा, एवढंच राहिलं होतं. माझा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. शाळेत साठ पोरं झाली होती. एका पोरीसाठी साठांची शाळा बुडवायची का, असं मी स्वतःला विचारलं. इतक्या वेळा विचारलं की तो प्रश्न मला न्यायाचा वाटायला लागला. पण खोटं कशाला बोलू, डोळ्यांपुढे साठ पोरं नव्हती. दोन खाड्या होत्या आणि त्यांच्यापलीकडून उशिरा येणारा वैद्य. कचेरी बंद झाली तेव्हा मी उठलो आणि अर्ज खिशात तसाच ठेवून कोंडाची वाट धरली.

ती पाखाडीच्या, म्हणजे कोंडात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या, तोंडाशी बसून होती, बहिणीला घेऊन. मला बघून उभी राहिली. मी म्हटलं, पहिली आलीस, पण वय बसत नाही.

"किती हाय माजं वय?"

"पटावर बारा आहे."

"कोनी सांगितलं?"

आजही तो क्षण आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मी म्हटलं, "तुझ्या आईनं सांगितलं होतं, शाळेत घालताना."

तिनं बहिणीला कडेवर घेतलं आणि ती घरी गेली. त्या रात्री तिच्या घरात काय झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई विहिरीवर दिसली, माझ्याकडे बघेना. मला वाटलं, रागावली. रागावली नव्हती. शरमली होती. तिनं मानून टाकलं होतं की आपण अडाणी, आपणच काहीतरी भलतं सांगून बसलो. शिकलेला माणूस म्हणतोय तर तसंच असणार.

चौथी संपली तरी ती शाळेत येत राहिली. खालच्या पोरांना बाराखडी शिकवी, पत्रं वाची. मी म्हणे, पुढच्या वर्षी बघू, दुसरी काही तरी वाट काढू. मी चार ठिकाणी पत्रं लिहिली. कुठे वय आडवं आलं, कुठे जात, कुठे उत्तरच आलं नाही. बाप दोन शिमगे गप्प राहिला. तिसऱ्या शिमग्याला तो शाळेत आला, टोपी हातात घेऊन.

"गुर्जी, पोरीचं जमवलंय. मुंबईतच हाय, आमच्या खात्याच्या मुकादमाचा पुतन्या. आनी शबूद मी पाळला, तुमी कायतरी करशाल म्हनून थांबलो."

"अरे, बारा वर्षांची आहे ती. आता कायदा आलाय. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न केलं तर खटला होतो."

"तेच तर," तो म्हणाला. "मुकादम सावध मानूस. तो म्हनतो, शाळेचा दाखला आना. पटावर चौदा भरलेली हाय ना ती? तुमीच सांगितलात."

नवा कायदा पोरींच्या बाजूनं होता. कोंडातल्या बाकीच्या बारा वर्षांच्या पोरी त्याच्या धाकानं तरी दोन वर्षं घरात राहिल्या, कारण त्यांचं वय कुठेच लिहिलेलं नव्हतं, चौदा भरल्याचा कागद दाखवणार कुठून. हिचं लिहिलेलं होतं. अख्ख्या कोंडात शाळेत गेली म्हणून हीच एक मुलगी कायद्यानं चौदाची होती. इथेही सहा लिहिला असता तर तेरा झाली असती आणि वर्षभर तरी थांबली असती.

मी दाखला द्यायला आठ दिवस लावले. रजिस्टर सापडत नाही म्हटलं, शाई संपली म्हटलं. बायको एकदा म्हणाली, "लिहून टाका ना खरं काय ते. होईल ते होईल." मंडणगडचं नाव काढलं की जी रडायची ती हे म्हणाली. मला माझं तोंड वर करून तिच्याकडे बघवेना. मी लिहिलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी तिची आई शाळेत आली. सात वर्षांत शाळा भरलेली असताना मंडपाची पायरी ती पहिल्यांदा चढली होती. बरोबर पोर. मोठी दिसायला लागली होती, पण हात अजून लहान मुलीचेच. आई खांबाआड उभी राहून खाली बघत बोलली.

"गुर्जी, तेवा मीच कायतरी चुकीचं सांगितलं आसन. माज्या तोंडानं चूक झाली, तिची सजा पोरीला नको. तेवड्यावरनं तिची शाळा गेली. आता तेवढी चूक दुरुस्त करा. बारा वर्सांची हाय ओ ती. मी जल्म दिलाय, मला म्हाइत नसन?" आणि ती वाकली, माझ्या पायांशी.

मी पाय मागे घेतले. म्हणालो, "बाई, एकदा पटावर चढलेलं वय बदलता येत नाही. बोर्डाचा नियम आहे."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तुमी तरी काय करनार म्हना. तुमी लय केलंत तिच्यासाठी."

पोर पुढे आली. मला म्हणाली, "दाखला द्या गुर्जी. बाबा उद्या मुंबईला जानार हाय." मी लिहिला. अक्षर नेहमीसारखं चोख आलं. तिनं तो घेतला आणि तिथेच उभ्यानं वाचला, मनातल्या मनात, ओठ न हलवता. तसं वाचायला मीच शिकवलं होतं. तारखेशी थांबली. मग म्हणाली, "आये, तू व्हो म्होरं. मी आली." आई पायऱ्या उतरली. तिनं कोपऱ्यातली एक पाटी उचलली, पेन्सिलीनं तीन ओळी लिहिल्या, माझ्या टेबलावर पाटी उपडी ठेवली, रोज उत्तर दाखवायला ठेवायची तशी. पाया पडली आणि गेली.

मी पाटी उलटी केली.

आईच्या लग्नाला वर्षं झाली – १३
माझं वय, दाखल्याप्रमाणे – १४
तेरातून चौदा जात नाहीत.

खाली दोन रेघा. नीट, समांतर.

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. मानमोडीच्या पुढच्या उन्हाळ्यात लग्न, हे कोंडातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मी जी तारीख लिहिली होती ती त्याच्याही आधीची. लग्नाआधीची. कुठल्या आईनं आपल्या तोंडानं असली तारीख सांगितली असती? आणि उद्या सासरी कुणी हा हिशेब केला, तर तिच्या आईला काय म्हणतील? मला सात वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. तिला एका वाचनात दिसलं. तिनं आईपुढे शब्द काढला नाही, मला जाब विचारला नाही. गणित सोडवून दाखवलं.

मी उठून मंडपाच्या कडेशी आलो. दोघी पाखाडी उतरत होत्या, आई पुढे, ती मागे, दाखला पोलक्यात ठेवलेला. हाक पोचेल एवढ्या अंतरावर होत्या. नुसतं "थांबा" म्हणायचं होतं, आईला चार शब्द सांगायचे होते, बाई, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. शाळाही बंद पडली नसती तेवढ्यानं. मी उभा राहिलो. त्या वळणाआड गेल्या.

लग्न वैशाखात झालं. मी गेलो होतो. मला पहिल्या पंगतीला बसवलं. तिची आई वाढायला आली, माझ्या पानात दोनदा भात वाढला आणि शेजारणीला म्हणाली, "गुर्जींनी लय केलं ओ हिच्यासाठी, माजंच त्वांड वंगाळ." पुढं ती बाई मरेपर्यंत तेच म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिलो. मुंबईहून मुलीचं पत्र आलं की ती ते माझ्याकडून वाचून घेई, कारण कोंडात कानाशी वाचणारी दुसरी कुणी उरली नव्हती. पत्रात माझ्यासाठी कधी एक ओळ नसे. मी शेवटी आपल्या पदरची एक घालून वाचत असे, गुरुजींना नमस्कार सांगा. तेही खोटंच.